शिफारस की निर्णय? : वॉसरस्ट्रॉम निकालाची चिकित्सा

विषय : व्यावसायिक नीतिमत्ता. घटक : जागल्यांचे संरक्षण

प्रास्ताविक

व्यावसायिक नीतिमत्तेच्या तासाला विद्यार्थी दरवर्षी एक प्रश्न विचारतात. "सर, गैरप्रकार दिसला तर कळवायचा, हे पटलं. पण कळवल्यावर आमच्यावरच कारवाई झाली तर दाद कुठे मागायची?" देशातल्या नोकरीत याला निदान एक उत्तर असते, न्यायालय. संयुक्त राष्ट्रसंघासारख्या संस्थेत तेही नाही. 1946 च्या विशेषाधिकार व उन्मुक्ती करारामुळे राष्ट्रसंघावर कोणत्याही देशाच्या न्यायालयात खटला चालत नाही. भारतात त्यासाठी 1947 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे तेथील कर्मचाऱ्याला संस्थेची अंतर्गत न्यायव्यवस्था हाच आधार उरतो. हा आधार किती भक्कम आहे, हे वॉसरस्ट्रॉम प्रकरणावरून तपासू.

प्रकरण थोडक्यात

जेम्स वॉसरस्ट्रॉम हे कोसोवोतील राष्ट्रसंघाच्या मोहिमेत सार्वजनिक उद्योगांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख होते. 2007 मध्ये त्यांनी वीज प्रकल्पाशी संबंधित गैरव्यवहाराचे आरोप तपास यंत्रणेला कळवले. पुढे त्यांचे कार्यालय बंद झाले, त्यांना सीमेवर अडवून ताब्यात घेतले गेले, घराची झडती झाली, आणि त्यांना आत सोडू नये म्हणून त्यांचे छायाचित्र असलेली पत्रके लावली गेली. हा सूड आहे, अशी तक्रार त्यांनी नीतिमत्ता कार्यालयाकडे केली.

त्या कार्यालयाला तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य वाटले व प्रकरण तपासाला गेले. मात्र तपास अहवालात सूड सिद्ध झाला नाही. कार्यालयाने अहवाल स्वीकारला आणि फाइल बंद केली.

दोन निकाल

2009 पासून राष्ट्रसंघात दोन पायऱ्यांची न्यायव्यवस्था आहे : वादनिवारण न्यायाधिकरण आणि त्यावर अपील न्यायाधिकरण. 2012 मध्ये पहिल्या न्यायाधिकरणाने वॉसरस्ट्रॉम यांच्या बाजूने निकाल दिला. नीतिमत्ता कार्यालयाने अहवाल पुरेसा न तपासता स्वीकारला, असे न्यायाधीशांचे मत पडले. पुढे 50,000 डॉलर भरपाई आणि प्रशासनाने कार्यवाहीचा दुरुपयोग केला म्हणून 15,000 डॉलर खर्च मंजूर झाला.

2014 मध्ये अपील न्यायाधिकरणाने बहुमताने हा निकाल फिरवला. कारण असे : नीतिमत्ता कार्यालय फक्त शिफारस करते, शिफारस हा 'प्रशासकीय निर्णय' नव्हे, आणि न्यायाधिकरणाचा अधिकार प्रशासकीय निर्णयांपुरताच आहे. एका न्यायाधीशांनी याला असहमती नोंदवली. खर्चाची रक्कम तेवढी कायम राहिली.

चिकित्सा

बहुमताच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. नीतिमत्ता कार्यालय स्वतंत्र राहायचे असेल, तर त्याचे प्रत्येक मत हा सरचिटणीसांचाच निर्णय धरणे अडचणीचे ठरते. शिवाय बदली किंवा पद रद्द होणे यांना कर्मचारी थेट आव्हान देऊ शकतो. तरीही मला या तर्कात तीन कच्चे दुवे दिसतात.

पहिला दुवा 'शिफारस' या शब्दाचा. कार्यालयाने "सूड झाला" म्हटले, तर प्रशासनाला काहीतरी करावे किंवा नाकारावे लागते, आणि त्याला आव्हान देता येते. "सूड झाला नाही" म्हटले, तर पुढे कोणीच काही ठरवत नाही. म्हणजे ज्याची तक्रार फेटाळली गेली, ज्याला पुनर्विलोकनाची खरी गरज आहे, त्याच्याच हाती आव्हान देण्यासारखे काही उरत नाही. साइटवरच्या तपासनिसाचा शेरा कागदावर सल्लाच असतो. पण त्या शेऱ्यावर काम कायमचे थांबत असेल, तर तो निर्णयच म्हणायला हवा. परिणाम पाहावा, नाव नव्हे.

दुसरा दुवा सूडाच्या स्वरूपाचा. सूड क्वचितच एका आदेशाने घेतला जातो. पत्रक, झडती, बंद झालेले कार्यालय यांतला प्रत्येक तुकडा वेगळा घेतला, तर किरकोळ किंवा समर्थनीय वाटू शकतो. सगळे एकत्र ठेवल्यावरच आकृती दिसते. तशी एकत्र पाहणी करण्याचे काम नीतिमत्ता कार्यालयाचे आहे, आणि नेमके तेच पुनर्विलोकनाबाहेर राहते.

तिसरा दुवा वेळेचा. आजच्या नियमांनुसार प्रशासकीय निर्णयाविरुद्ध पहिला अर्ज 60 दिवसांत करावा लागतो. नीतिमत्ता कार्यालयाची प्राथमिक छाननी 30 दिवसांची आणि तपास 120 दिवसांचा अपेक्षित आहे. बेरीज 150 दिवस. तपासाची वाट पाहत बसलेल्याची थेट आव्हानाची मुदत तोवर संपलेली असू शकते.

नंतरचे बदल

2017 मध्ये संरक्षणाचे धोरण सुधारले. नीतिमत्ता कार्यालयाला प्रथमदर्शनी तथ्य आढळले नाही, तर नीतिमत्ता मंडळाच्या पर्यायी अध्यक्षांकडे फेरविचार मागता येतो. शिफारशीवर प्रशासनाने केलेली किंवा न केलेली कृती आव्हानयोग्य ठरू शकते, हेही स्पष्ट झाले. या सुधारणा चांगल्या आहेत. पण कार्यालयाची शिफारस हा प्रशासकीय निर्णय नाही, हे तत्त्व नव्या धोरणात लेखी कायम झाले. फेरविचारही संस्थेच्या आतच होतो, न्यायाधीशापुढे नाही.

निष्कर्ष

अपील न्यायाधिकरणाचा निकाल शब्दाला धरून आहे, पण त्याने अधिकारक्षेत्राची रेघ चुकीच्या जागी मारली, असे माझे मत आहे. बाहेरच्या न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या संस्थेने आतले दार अधिक रुंद ठेवायला हवे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी आता असे उत्तर देतो : कळवा, पण कळवण्याआधी मुदती वाचा, प्रत्येक घटनेची तारखेसह नोंद ठेवा, आणि दोन्ही मार्ग एकाच वेळी धरा.

विचारासाठी प्रश्न

1. शिफारस केव्हा निर्णय ठरते? आपल्या क्षेत्रातील एक उदाहरण द्या.
2. नीतिमत्ता कार्यालयाचे स्वातंत्र्य आणि त्याच्या निष्कर्षाचे न्यायिक पुनर्विलोकन या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतील का? कारणे लिहा.