मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे मराठी रूपांतर : अविकारी विशेषणांचा आश्रय

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मराठी रूपांतरावर एक आक्षेप सर्रास घेतला जातो. तो असा की, ही मराठी संस्कृतप्रचुर आणि कृत्रिम आहे; 'रिकामा' म्हणावे तेथे ती 'रिक्त' म्हणते, 'चुकीचा' म्हणावे तेथे 'अवैध' म्हणते. १९६० नंतरच्या दशकात पदनाम कोशावर झालेली टीकाच येथे नव्याने केली जात आहे. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. तिचे कारण मात्र अनुवादकाच्या पांडित्यहौसेत शोधले जाते, ते मला पटत नाही. ते बहुतांशी व्याकरणात आहे.

त्यासाठी अनुवादकापुढे काय येते ते पाहिले पाहिजे. १९९५ पासून प्रचारात असलेल्या ग्नू गेटटेक्स्ट या यंत्रणेत कार्यक्रमातील इंग्रजी वाक्ये व शब्द वेचून त्यांची एक सूची तयार होते. प्रत्येक नोंदीखाली मराठी प्रतिरूप लिहावयाचे असते. एकच शब्द कार्यक्रमात दहा ठिकाणी आला तरी सूचीत तो सामान्यतः एकदाच येतो. 'ओपन' ही आज्ञा आहे की स्थिती, हे त्या नोंदीवरून कळत नाही. मराठीत 'उघडा' हे आज्ञार्थी रूप आणि पुल्लिंगी विशेषण योगायोगाने एकच असल्यामुळे 'दस्तऐवज'पुरते निभावून जाते; 'फाईल' आली की 'उघडी' हवे आणि तेथे योगायोग संपतो.

'न्यू', 'एम्प्टी', 'इनव्हॅलिड' यांचे विशेष्य असेच अदृश्य असते. मराठीतील आकारान्त विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलते : रिकामा, रिकामी, रिकामे. विशेष्यच ठाऊक नसेल तर यांतले कोणते लिहावे? अनुवादक साहजिकच न बदलणाऱ्या शब्दाकडे वळतो. 'नवा' सोडून 'नवीन', 'रिकामा' सोडून 'रिक्त', 'चुकीचा' सोडून 'अवैध'. तत्सम विशेषणे मराठीत प्रायः अविकारी आहेत, एवढेच त्यांचे आकर्षण. शिवाय 'आहे' हे क्रियापद लिंग दाखवीत नाही. त्यामुळे 'रिक्त आहे' हे वाक्य कोणत्याही नामापुढे उभे राहते.

येथे अनुवादकाला पूर्णतः निर्दोष ठरविण्याचा माझा हेतू नाही. अविकारी शब्दांचा साठा केवळ संस्कृतातच आहे असे नव्हे. 'बंद', 'सुरू', 'रद्द', 'तयार', 'कायम', 'जादा' हे फारसी-अरबी वळणाचे शब्द तितकेच अविकारी आणि घरोघरचे आहेत. 'अपरिचित' ऐवजी 'अनोळखी' चालले असते. मतमोजणीत आपण 'बाद मत' म्हणतो. मग 'अवैध' ऐवजी काही ठिकाणी 'बाद' का नको? 'रिक्त'ला मात्र असा पर्याय मला अद्याप सुचलेला नाही.

परंतु शब्दनिवडीने ही अडचण अर्धीच सुटते. भूतकाळ आला की हा आश्रय कोसळतो. 'अमुक डिलीटेड' या साच्यात 'अमुक'च्या जागी कार्यक्रम स्वतः नाव घालतो. मराठी कर्मणी रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. म्हणून 'संदेश हटवला', 'फाईल हटवली', 'चित्र हटवले'. अनुवादक नपुंसकलिंग स्वीकारतो आणि वाचकाला 'फाईल हटवले' असे दिसते. 'हटवण्यात आले' असे लिहूनही सुटका नाही, कारण 'आले'लाही लिंग आहे. सामान्यरूपाची गत याहून वाईट. साच्यात नाम प्रथमेत येऊन पडते आणि पडद्यावर 'चित्रे मध्ये साठवा' उमटते. 'चित्रांमध्ये' हे रूप सिद्ध करण्याची सोयच तेथे नाही. हे वाक्य पहिलीतले मूलही दुरुस्त करील.

तेव्हा दोष मूळ वाक्याच्या घडणीत आहे आणि दुरुस्ती तेथेच झाली पाहिजे. मुक्तस्रोताचे वैशिष्ट्य हे की, ती दुरुस्ती सुचविण्याचा, किंबहुना स्वतः करून पाठविण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ वेगळे नोंदविण्यासाठी संदर्भाची ओळ जोडण्याची सोय गेटटेक्स्टमध्ये २००६ पासून आहे. ती कार्यक्रमकाराने वापरली पाहिजे आणि कोठे वापरावी हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे. गेटटेक्स्टची पुस्तिका स्वतःच तुकडे न जोडता संपूर्ण वाक्ये द्या असे बजावते. आपले विभाग मात्र परिभाषेच्या याद्या करण्यापलीकडे सहसा जात नाहीत. व्याकरणाचा विद्यार्थी ज्या जागी खरोखर उपयोगी पडेल, ती जागा रिकामीच आहे.

यावर कार्यक्रमकाराचा आक्षेप असतो, आणि तो वाजवी आहे : एका वाक्याची तीन केली तर इतर सर्व भाषांच्या अनुवादकांचे काम तिप्पट होते. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले, अडचण एकट्या मराठीची नाही. फ्रेंच वा हिंदी अनुवादकही याच लिंगापाशी अडतो. दुसरे, मोझिलाच्या फ्लुअंट या यंत्रणेत (तिच्या वाक्यरचनेची पहिली स्थिर आवृत्ती २०१९ ची) इंग्रजी वाक्य एकच ठेवून मराठीपुरते पर्याय लिहिता येतात. नावाची विभक्तिरूपेही नोंदविता येतात. गेटटेक्स्टमध्ये अनेकवचनाची व्यवस्था चांगली आहे, पोलिशची तीन आणि अरबीची सहा रूपे तीत बसतात; लिंगाची अशी व्यवस्था तीत नाही.

फ्लुअंटलाही एक मर्यादा आहेच. वापरणाऱ्याने फाईलला दिलेल्या नावाचे लिंग कोणत्याही यंत्रणेला ठाऊक नसते. तेथे "'अहवाल' ही फाईल हटवली" अशी जातिवाचक नामाची जोड द्यावी लागते. आणि त्या जागी फाईलच येणार, चित्र किंवा संदेश नव्हे, हे कार्यक्रमकाराकडून आधी लिहून घ्यावे लागते.