माणेकजी हातरिया यांचें इराणांतील कार्य

पारशी सुधारकांची गोष्ट निघाली कीं मराठी वाचकास दादाभाई नौरोजी आठवतात, फार तर बेहरामजी मलबारी. माणेकजी लिमजी हातरिया यांचें नांव त्या मालिकेंत क्वचितच येतें. कारण उघड आहे. ज्यांच्यासाठीं त्यांनीं आयुष्य वेंचलें ते लोक मुंबईंत नव्हते, इराणांत यज्द व किरमान येथें होते. परंतु ज्यांस हातरिया ठाऊक आहेत त्यांनीं त्यांचें चरित्र ज्या रीतीनें सांगितलें आहे ती रीत आम्हांस पटत नाहीं, आणि तिच्याविषयींच येथें लिहावयाचें आहे.

कथा सांगतात ती अशी. १८१३ सालीं सुरतेजवळ जन्मलेला हा फिरस्ता व्यापारी १८५४ सालीं मुंबईच्या पारशी मंडळीचा वकील म्हणून इराणांत गेला. ही मंडळी स्थापन करण्यांत मेहेरवानजी फरामजी पांडे पुढें होते; त्यांच्या मातोश्री गुलिस्तानबानू या इराण सोडून आलेल्या कुटुंबांतल्या, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. इराणांत जरथुष्ट्री उरले होते आठ हजारांच्या आंत. त्यांनीं गांवांत घोड्यावर बसूं नये, उंच घर बांधूं नये, कपड्यांचा रंगही नेमून दिलेला असावा. घरांतील एकानें धर्मांतर केलें कीं कुटुंबाची मिळकत त्यानें बळकवावी. या सर्वांवर जिझिया. हातरियांनीं अर्ज केले, परकीय राजदूतांची मदत घेतली, मुंबईकरांनीं पैसा पुरविला, आणि १८८२ सालीं नासिरुद्दीन शहानें तो कर उठविला. येथें पडदा.

या कथेंत खोटें कांहीं नाहीं. जिझियाचा जाच लहान नव्हता; सरकारी रकमेपेक्षां वसूल करणाऱ्यांची भर व वसुलीच्या वेळचा अपमान हींच अधिक छळीत असत. परंतु १८५४ पासून १८८२ पर्यंत अठ्ठावीस वर्षें होतात, आणि चरित्रकार तीं वर्षें फर्मानाची वाट पाहण्यांत गेल्यासारखीं लिहितात. या अवधींत हातरियांनीं केलें काय? आपल्या धर्मबांधवांची शिरगणती केली. मोडकळीस आलेलीं अग्निमंदिरें दुरुस्त केलीं. पंचायती उभ्या केल्या, म्हणजे ज्यांस एकेकट्यानें मार खाण्याची संवय होती त्यांस एकत्र बसून तक्रार लिहिण्याची संवय लावली. शाळा काढल्या, आणि यज्द-किरमानचीं मुलें तेहरानांत आणून, तेथें ठेवून घेऊन शिकविलीं. फर्मान एका शहाचें. त्यानें कर गेला, पण इतर निर्बंध पुष्कळसे तसेच राहिले. १९०६ सालच्या पहिल्या मजलिसींत अरबाब जमशीद हे जरथुष्ट्री पेढीवाले प्रतिनिधि म्हणून बसले, तें एकट्या फर्मानाच्या बळावर खास नव्हे.

आम्हां बीड जिल्ह्यांतील लोकांस हें समजावयास अवघड जाऊं नये. अंबेजोगाईचें नांव मोमिनाबाद होतें तेव्हां, १९३५ च्या सुमारास, स्वामी रामानंद तीर्थ तेथें शाळा चालवीत होते. निजामी राज्य गेलें ती १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख आमच्या मुलांस तोंडपाठ असते. वर्गांत फळ्यापुढें गेलेल्या त्या दिवसांना तारीख नाहीं, म्हणून तीं पाठही होत नाहींत.

चरित्रकारांचा दुसरा दोष आम्हांस याहून मोठा वाटतो. मेरी बॉइस ही विदुषी १९६३-६४ सालीं यज्दजवळ शरीफाबाद येथें राहून आली. तिच्या लिखाणावरून दिसतें कीं, तिकडील जरथुष्ट्री बानू पार्स या तीर्थस्थानीं पूर्वीं गाय बळी देत असत. हातरियांस तें पाहवेना. पारशांच्या निषेधामुळें ती चाल बंद पडली. हिंदु वाचक येथें लगेच मान डोलावील. आम्हींही प्रथम डोलावली. मग मनांत आलें, गाईविषयींची ही भावना पारशांनीं आणली कोठून? गुजराथेंत शेंकडों वर्षें हिंदूंच्या शेजारीं राहून ती त्यांच्या अंगीं मुरली, हेंच संभवनीय दिसतें. तसें असेल तर यज्दचा गरीब शेतकरी आपल्या वाडवडिलांचें जुनें आचरीत होता, आणि मुंबईहून आलेला सुधारक शेजाऱ्याकडून घेतलेलें शुद्ध धर्म म्हणून त्यास शिकवीत होता. बळी थांबला याचें आम्हांस दुःख नाहीं. परंतु थैली ज्याच्या हातीं त्याचेंच मत शास्त्र ठरतें, ही गोष्ट हातरियांसारख्या निःस्वार्थी मनुष्याच्या हातूनही घडली. ती ‘अनिष्ट चाली बंद केल्या’ एवढ्या एका ओळींत उरकणें हें चरित्रलेखन नव्हे, मानपत्र झालें.

‘दसातीर’ या ग्रंथाचेंही असेंच. मुल्ला फिरोज यांनीं तो १८१८ सालीं मुंबईंत छापून प्रसिद्ध केला. हातरिया त्यास प्राचीन इराणची अस्सल वाणी समजत. पुढें तो बनावट ठरला. याची वाच्यता करावयास स्तुतिपाठक कां कचरतात कळत नाहीं. त्या काळच्या भल्याभल्या पंडितांसही तो खरा वाटला होता.

हातरिया १८९० सालीं तेहरानांतच वारले. १८६५ सालीं मुंबईंत प्रसिद्ध झालेला त्यांचा स्वतःचा इराणवृत्तान्त गुजराथींत आहे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या कोणी तो मराठींत आणला, तर चरित्रकारांच्या आडून नव्हे, समोरासमोर या गृहस्थांशीं आमच्या वाचकांस वाद घालतां येईल.