अपडेट केले की भागले?

संगणक सुरक्षित ठेवण्यासाठी ‘अपडेट करा’ असे वर्गात सांगितले जाते. सल्ला योग्यच आहे. पण कारण न सांगता दिलेला सल्ला विज्ञान राहत नाही, मंत्र होतो, असे आम्हांला वाटते.

कर्जत-खालापूरच्या शिक्षकांना रायगड जिल्ह्यातलेच उदाहरण देता येईल. खालापूरमार्गे पुण्याकडे जाणारे कंटेनर ज्या न्हावा-शेवा बंदरातून येतात, तेथील एका टर्मिनलचे काम जून २०१७ च्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅममुळे विस्कळीत झाले. त्याने वापरलेले एक छिद्र विंडोजच्या फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या भागात होते. हा भाग कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात चालतो. तेथे शिरलेल्याला सगळा संगणकच मोकळा असतो. छिद्र बुजवणारी दुरुस्ती मात्र १४ मार्चलाच आली होती!

मग दोष केवळ आळसाचा? तसे नाही. नॉटपेट्या एका संगणकातून पासवर्ड चोरून दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत असे. शिवाय त्याची सुरुवातच झाली ती युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून.

तेव्हा विद्यार्थ्यांनी विचारावे : दुरुस्ती कोणते छिद्र बुजवते? ती कोणाकडून आली? शाळेतला एखादा संगणक सुटला का? सगळ्यांना एकच पासवर्ड तर नाही? विंडोज १० ला दुरुस्त्या मिळण्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. प्रश्न आपल्या दाराशीच आहे.