‘देवराई’ आणि न्यूरेक्सिन-१ जनुक : ‘रक्तातला दोष’ या कल्पनेची चिकित्सा

सारांश : सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) हा मराठी चित्रपट स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे चित्रण करतो. या विकाराशी संबंध आढळलेल्या जनुकांपैकी न्यूरेक्सिन-१ हे जनुक मेंदूतील पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या ग्राही प्रथिनाची सांकेतिक माहिती वाहते. या जनुकाविषयीच्या ज्ञानाच्या प्रकाशात ‘देवराई’चे पुनर्वाचन करणे आणि आनुवंशिकतेचा अर्थ ‘कुळाचा दोष’ असा लावण्याच्या प्रवृत्तीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजशब्द : देवराई, स्किझोफ्रेनिया, न्यूरेक्सिन-१, आनुवंशिकता, कुलदोष, शुश्रूषा.

१. प्रस्तावना

‘देवराई’ची कथा कोकणात घडते, परंतु तिच्या निर्मितीचा एक धागा खानदेशात येऊन पोहोचतो. धुळ्याशी नाते असलेले व कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. त्यामागे त्यांच्या स्वतःच्या घरातील या आजाराचा अनुभव होता. ही संस्था आणि धुळ्याचा के. एस. वाणी मेमोरियल ट्रस्ट यांच्या सहभागातून ‘देवराई’ साकारला. म्हणजेच या कलाकृतीचे मूळ रुग्णाच्या कुटुंबीयांच्या गरजेत आहे. म्हणूनच ती कुटुंबीयांना कोणते उत्तर देते, हा प्रश्न तिच्या समीक्षेत टाळता येत नाही.

स्किझोफ्रेनियाचे निदान झालेल्या घरात औषधाच्या प्रश्नापाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो : हे रक्तातून आले काय? सोयरीक जुळविताना कुळ पाहण्याची रीत जेथे दृढ आहे, तेथे या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाच्या भावंडांचे विवाह अवलंबून असतात. त्यामुळे अनेक घरांत आजार झाकला जातो आणि उपचार लांबतात.

२. ‘देवराई’चे आशयसूत्र

शेष (अतुल कुलकर्णी) हा संवेदनशील तरुण गावाजवळच्या देवराईच्या ध्यासाने झपाटलेला आहे. हळूहळू वास्तव व भास यांतील सीमारेषा त्याच्यासाठी पुसट होत जाते. त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला समजून घेण्याचा आणि उपचारांपर्यंत नेण्याचा प्रयत्न करते. दिग्दर्शकांनी देवराईचे दाट, अनाकलनीय विश्व आणि शेषचे मन यांना समांतर ठेवले आहे. मनाला निसर्गातील प्रतिमेतून पाहण्याची ही रीत खानदेशी वाचकाला परकी नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी मनाचे अनावरपण शेतशिवारातील प्रतिमांमधूनच व्यक्त केले आहे.

मात्र या रूपकात एक धोका संभवतो. देवराई पवित्र असते, गूढ असते. आजाराला तिचे रूप दिले की वेदनेला गूढतेचे वलय प्राप्त होते आणि रुग्णाची तडफड ‘वेगळी दृष्टी’ वाटू लागते. ‘देवराई’ या धोक्यातून बव्हंशी सुटतो, याचे श्रेय सीनेच्या व्यक्तिरेखेस द्यावे लागते. तिचा थकवा, तिचा संसार आणि भावावरील तिची माया यांमुळे चित्रपट पुन्हा पुन्हा जमिनीवर येतो.

३. न्यूरेक्सिन-१ : स्वरूप व कार्य

न्यूरेक्सिन या प्रथिनांचा शोध १९९२ मध्ये थॉमस स्युडोफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. ‘ब्लॅक विडो’ या कोळ्याचे विष चेतापेशीवर नेमके कोठे चिकटते, याचा शोध घेताना हे ग्राही प्रथिन हाती लागले. न्यूरेक्सिन-१चे जनुक मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असून त्याची लांबी सुमारे ११ लाख बेस-जोड्या आहे. मानवी जनुकांमध्ये ते आकाराने फार मोठ्यांपैकी एक होय. या एकाच जनुकाच्या संदेशाची निरनिराळ्या प्रकारे जुळणी होऊन प्रथिनाची असंख्य रूपे तयार होतात.

दोन चेतापेशी जेथे एकमेकींजवळ येतात, त्या अनुबंधस्थानी संदेश पाठविणाऱ्या पेशीच्या आवरणावर न्यूरेक्सिन असते. समोरच्या पेशीवरील न्यूरोलिजिन आदी प्रथिनांशी ते जोडले जाते. या जोडणीमुळे अनुबंधाची घडण व संदेशवहन यांना आकार येतो. न्यूरेक्सिनचे हे कार्य समोरच्या पेशीवरील जोडीदाराशिवाय पूर्ण होत नाही, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

२००७ मध्ये स्वमग्नतेच्या व त्यानंतरच्या दोन वर्षांत स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांत या जनुकाचा अंश गळालेला आढळला. अशी गळती हजार रुग्णांत साधारण दोघांत आढळते. सर्वसामान्य लोकांत ती याहून बरीच विरळ असते. तथापि हीच गळती एकात स्वमग्नता, दुसऱ्यात अपस्मार, तिसऱ्यात बौद्धिक अक्षमता या रूपाने दिसते. तर काही व्यक्ती ती बाळगूनही निरोगी राहतात. म्हणजेच या जनुकातील बदलाने धोका वाढतो, आजार निश्चित होत नाही. शिवाय ज्यांच्यात ही गळती नाही, अशा बहुसंख्य रुग्णांच्या आजाराचे स्पष्टीकरण या जनुकातून मिळत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी निगडित २८७ जनुकीय स्थाने नोंदविली गेली. त्यांपैकी बहुतेकांचा एकेकट्याचा प्रभाव अल्प आहे.

४. दोषारोपाचे तीन टप्पे

मनोविकाराच्या कारणमीमांसेचा इतिहास हा बऱ्याच अंशी दोषारोपाचा इतिहास आहे. पहिल्या टप्प्यात दोष बाहेरच्या बाधेवर, शापावर वा पूर्वकर्मावर गेला. दुसऱ्या टप्प्यात तो आईवर आला. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषिकेने आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया उद्भवतो, अशी कल्पना मांडली आणि पाश्चात्त्य जगातील असंख्य मातांनी तो अपराधभाव वाहिला. जनुकशास्त्राने ही कल्पना मोडीत काढली. परंतु जनुकाचे नाव सामान्य व्यवहारात आले, तसा तिसरा टप्पा सुरू झाला. आता दोष ‘रक्तावर’ जाऊ लागला.

या तिसऱ्या आरोपाला शास्त्रीय आधार नाही. स्किझोफ्रेनिया झालेल्या व्यक्तीच्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता साधारण नऊ टक्के सांगितली जाते. ती सर्वसाधारण प्रमाणाहून निश्चितच अधिक आहे. परंतु दहांपैकी नऊ भावंडांना हा आजार होत नाही, हेही तितकेच खरे आहे. एकाच जनुकसंचाच्या समरूप जुळ्यांतही एकाला आजार असता दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास वा त्याहून कमीच राहते. अनेक बदल तर पालकांत नसतात, ते अपत्यात नव्यानेच उद्भवतात. तेथे ‘कुळ’ हा शब्दच निरर्थक ठरतो.

केवळ निदानाच्या नावावरून माणसाची पारख करू नये, हे तत्त्व न्यायव्यवस्थेनेही मान्य केले आहे. हिंदू विवाह कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने घटस्फोटाच्या कारणांतील मनोविकाराच्या व्याख्येत स्किझोफ्रेनियाचा नावानिशी समावेश केला. तथापि केवळ निदान पुरेसे नसून विकाराची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले.

५. रूपकाचे पुनर्वाचन

या ज्ञानासह ‘देवराई’कडे पाहता दोन गोष्टी जाणवतात. पहिली, न्यूरेक्सिनची जोडणी व बहीण-भावाचे नाते यांना एकरूप मानण्याचा मोह टाळला पाहिजे. प्रथिनाला माया नसते आणि मायेच्या अभावाने जनुक गळत नाही. हे साम्य ओढूनताणून लावले, तर आईला दोषी ठरविणारी जुनी कल्पनाच मागील दाराने परत येईल. नात्यामुळे आजार होत नाही. आजारानंतरचे जगणे मात्र नात्यावर अवलंबून असते.

दुसरी गोष्ट चित्रपटाच्या मध्यवर्ती रूपकाची आहे. देवराई एकट्याची नसते, ती गावाची असते. कोणी कुऱ्हाड लावू नये, हा नियम सारे गाव पाळते, म्हणून ती टिकते. शेषच्या वाट्याला मात्र असे गाव येत नाही; त्याचा भार मुख्यतः एका विवाहित बहिणीवर पडतो. चित्रपट तिच्या सोसण्याला मोठेपण देतो. तो भार एकटीवरच का, हा प्रश्न मात्र तो प्रेक्षकांच्या पुढ्यात तेवढ्या जोराने ठेवत नाही. ही ‘देवराई’ची मर्यादा होय. तिचे रूपक जितके सांगू शकत होते, त्यापेक्षा तिचे कथानक कमी सांगते.

६. निष्कर्ष

१. ‘देवराई’ने स्किझोफ्रेनियाला बाधेच्या कल्पनेतून बाहेर काढून आजार म्हणून मराठी प्रेक्षकांसमोर मांडले, हे तिचे स्थायी योगदान आहे.

२. न्यूरेक्सिन-१ विषयीच्या संशोधनातून आजाराची जैविक बाजू स्पष्ट होते; परंतु त्यातून ‘सदोष कुळ’ ही कल्पना सिद्ध होत नाही, उलट ती खंडित होते.

३. देवराईचे रूपक सामूहिक संरक्षणाचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा व उपचारांचा हक्क दिला आहे. तो हक्क प्रत्यक्षात यावयाचा, तर शुश्रूषेचा भार एका घरातील एका स्त्रीवर न राहता भावकी, गाव व आरोग्ययंत्रणा यांनी वाटून घेणे आवश्यक आहे.

४. ज्या घरात शेष आहे, त्या घरातील सीनेची सोयरीक मोडण्यास विज्ञानात कोणताही आधार नाही. ‘देवराई’चे आजचे वाचन या निष्कर्षापर्यंत पोहोचले, तरच धुळ्यापासून कॅलगरीपर्यंत गेलेल्या एका कुटुंबाच्या अनुभवातून जन्मलेल्या या चित्रपटाचा हेतू सफल झाला, असे म्हणता येईल.