मॅनेजर नालायक की दुकानाची रचना?

सुपरमार्केटमधल्या कोणाही कर्मचाऱ्याला विचारा, 'वरच्यांना काही कळत नाही' हे उत्तर हमखास मिळतं. या वैतागाचा अभ्यास कसा करायचा? त्यासाठी एमआयटीच्या झेनेप टन यांचं 'द गुड जॉब्स स्ट्रॅटेजी' (2014) जरूर वाचा.

टन दोष माणसात नाही, रचनेत शोधतात. दुकानाचं पगाराचं बजेट विक्रीवर ठरतं. माणसं कमी केली की माल मागे पडून राहतो, शेल्फ रिकामं दिसतं, विक्री घटते आणि बजेटला पुन्हा कात्री लागते. मॅनेजर स्वतःच काउंटरवर उभा असेल, तर नियोजन करणार कधी? आपण ज्याला नालायक म्हणतो तो बऱ्याचदा याच चक्रात अडकलेला असतो. पुस्तकाचं खरं बळ हे आहे.

आता मेख बघा. स्पेनची मर्काडोना, अमेरिकेतल्या कॉस्टको, ट्रेडर जोज, क्विकट्रिप: आदर्श म्हणून निवडलेल्या सगळ्या कंपन्या यशस्वी. हेच सगळं करूनही बुडालेली दुकानं कुठे आहेत? लॅबमध्ये कंट्रोलशिवाय असा निष्कर्ष काढला, तर गाईड वही परत देतील! चांगल्या नोकऱ्यांमुळे नफा होतो, की नफा आहे म्हणून चांगल्या नोकऱ्या देता येतात, हे इथे सुटत नाही.

म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. ते गृहीतक म्हणून वाचा. तुमच्या प्रस्तावात 'कर्मचारी नाराज आहेत' एवढंच लिहून थांबू नका. कोणता निर्णय, कोणी, कशाच्या आधारे घेतला, ते विचारा. नाहीतर रिकाम्या शेल्फचं खापर पुन्हा त्याच कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर फुटेल.