लाल कोट आणि ढोलकरी

लंडनच्या बर्डकेज वॉकवरील वेलिंग्टन बराकी १८३३ सालच्या. बकिंगहॅम राजवाड्याचा पहारा बदलायला निघणारी नवी तुकडी इथल्याच पटांगणात उभी राहते, तपासली जाते आणि बँडमागून राजवाड्याकडे जाते. हा सोहळा मी कुंपणाच्या गजांतून पाहिला. वादन चोख होते, याबद्दल वाद नाही. हा बँड मधूनच सिनेमातली धूनही वाजवतो. त्याने राजमुकुट काही डळमळत नाही.

मला अडवले ते ढोलकऱ्यांनी. त्यांच्या लाल कोटांवर साध्या शिपायापेक्षा कितीतरी जास्त नक्षीच्या फिती. पाहणाऱ्याला वाटावे, पलटणीतला मानकरी हाच. इतिहास उलटा आहे. अठराव्या शतकात ब्रिटिश पलटणीत शिपायाला फटके मारण्याचे काम ढोलकऱ्याकडे असे. हुकूम वरचा, चाबूक ढोलकऱ्याच्या हातात, शिव्याशापही त्यालाच. २९व्या पायदळ पलटणीत १७५९ पासून १८४३ पर्यंत काळे ढोलकरी होते. पहिली मुले ग्वादलूपहून आणून कर्नलला भेट दिलेली. माणसे, भेट! १७६८ साली बोस्टनमध्ये याच काळ्या ढोलकऱ्यांच्या हातून गोऱ्या शिपायांना भर मैदानात फटके मारवले गेले. राजाच्या रक्षक पलटणींनीही झांजा-खंजिऱ्या वाजवायला काळी माणसे ठेवली, तीही भरजरी पोशाखात. फटक्यांची शिक्षा ब्रिटिश सैन्यातून १८८१ साली गेली. पटांगणात आज काय दिसते? जर दिसते, झांज दिसते. ती वाजवणारा गळालेला आहे.

गावकीची हलगी आपल्या ओळखीची आहे. मिरवणुकीत सर्वांच्या पुढे, पंगतीत सर्वांच्या बाहेर. म्हणूनच चळवळीतल्या कित्येक वस्त्यांनी ती खाली ठेवली. आता तीच हलगी फेटा बांधून महोत्सवाच्या मंचावर येते आणि आपले प्राध्यापक मित्र ‘लोककला’ म्हणून तिच्यावर निबंध वाचतात. तिचा ठेका मलाही खेचतो. पोटासाठी वाजवणाऱ्याला नावे ठेवणारा मी कोण? पण त्या निबंधांत ठेक्याच्या मात्रा मोजलेल्या असतात, बिदागी नसते. आणि वाजवणाऱ्याला नकार देता येतो का, हा प्रश्न तर नसतोच.

अशाच एका महोत्सवात मंचामागे वयस्क हलगीवाल्यांना मी तो विचारला.

“दादा, नाही म्हणालात तर?”

हलगी शेकोटीवर धरून तापवता तापवता ते म्हणाले, “मग फुडल्या साली बोलवत न्हाईत.”