संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे टप्पे : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

पदव्युत्तर स्तरावरील संशोधन हे उच्च शिक्षणाचे सर्वांत जबाबदारीचे अंग होय. अध्यापनातील उणीव पुढच्या वर्षी भरून काढता येते. परंतु चुकीच्या दिशेने गेलेले संशोधन विद्यार्थ्याच्या आयुष्यातील चार-पाच वर्षे घेऊन जाते. म्हणूनच संशोधनाचे टप्पे ठरविणे आणि त्या टप्प्यांवर प्रगती तपासणे आवश्यक मानले जाते. या आवश्यकतेविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो टप्पा कशाला म्हणावे आणि तपासणी केव्हा व्हावी, हा. परभणी जिल्ह्यात संशोधनाच्या दोन भिन्न परंपरा शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे या प्रश्नाचा विचार येथे अधिक स्पष्टपणे करता येतो.

दोन परंपरा :

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ मध्ये त्याचे नामांतर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे झाले. दुसरी परंपरा कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांची. ही महाविद्यालये प्रारंभी औरंगाबाद येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न होती. १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात ती आली. पहिल्या परंपरेतील विद्यार्थी प्रक्षेत्रावर आणि प्रयोगशाळेत काम करतो. दुसऱ्या परंपरेतील, विशेषतः भाषा व सामाजिक शास्त्रांतील, संशोधक बहुधा ग्रंथालय, गाव आणि घर यांमध्ये काम करतो. अनेकदा तो स्वतः अध्यापक असतो आणि तासिका, परीक्षेची कामे व संसार सांभाळून संशोधन करीत असतो.

नियमांतील टप्पे :

विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठी २००९, २०१६ आणि २०२२ मध्ये नियमावली जाहीर केली. २००९च्या नियमावलीने कोर्सवर्क, प्रबंधपूर्व सादरीकरण आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रकाशित करणे हे टप्पे घालून दिले. २०१६च्या नियमावलीने संशोधन सल्लागार समिती आणि दर सहा महिन्यांनी तिच्यासमोर सादरीकरण यांची स्पष्ट तरतूद केली. २०२२च्या नियमावलीने प्रत्येक सत्रात असे सादरीकरण अपेक्षिले, शोधनिबंधाची सक्ती काढली आणि एम.फिल. पदवी बंद केली. किमान कालावधी तीन वर्षे, कमाल सहा वर्षे आणि पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे अशी मर्यादा आहे. महिला व दिव्यांग संशोधकांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. प्रगती असमाधानकारक असल्यास समितीने कारणे नोंदवावीत व सुधारणा सुचवाव्यात; त्या अमलात न आल्यास नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते.

या तरतुदी कागदावर निर्दोष वाटतात. परंतु बारकाईने पाहिल्यास त्यांतील बहुतेक टप्पे कालगणनेचे आहेत. सहा महिने संपले की अहवाल, सत्र संपले की सादरीकरण. संशोधनाचा प्रश्न किती उलगडला, कोणते गृहीतक टिकले आणि कोणते कोसळले, हे विचारण्याची सोय त्यांत आपोआप होत नाही. परिणामी अहवालात ‘संदर्भसाहित्याचे वाचन सुरू आहे’ असे लिहिले जाण्याची आणि त्याखाली ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा पडण्याची शक्यता कायम राहते. असा शेरा कोणाला दुखवत नाही, पण कोणाला वाचवतही नाही.

उभ्या पिकाची पाहणी :

कृषी संशोधनात काळाचे बंधन निसर्गच घालतो. खरिपातील सोयाबीनवरील प्रयोग घेतला तर पाऊस व पेरणी, उगवणीची मोजणी, ठरावीक दिवसांनी घेतलेली झाडांची उंची, फांद्या व शेंगांची संख्या, काढणी आणि उत्पादन असा क्रम असतो. प्रयोगाचा आराखडा पेरणीपूर्वी मंजूर व्हावा लागतो. कारण वाफ्यांची मांडणी किंवा पुनरावृत्तींची संख्या चुकली तर पूर्ण हंगाम वाया जातो आणि पुढच्या खरिपाची वाट पाहावी लागते. सल्लागार समितीच्या पाहणीला खरा अर्थ येतो तो पीक उभे असताना. तेव्हा वाफा डोळ्यांसमोर असतो, नोंदवहीतील आकडा झाडाशी ताडून पाहता येतो आणि चूक आढळल्यास काही अंशी दुरुस्तही करता येते. काढणीनंतर पाहायला उरतो तो केवळ तक्ता.

याचा अर्थ कृषी संशोधन दोषमुक्त आहे असा नव्हे. नोंदवही तेथेही बसल्या जागी भरली जाऊ शकते. पावसाने खंड दिला तर विद्यार्थ्याचा दोष नसताना प्रयोग फसतो आणि वेळापत्रक मात्र त्याच्याकडेच बोट दाखविते. शिवाय सर्वच संशोधन पदवीच्या मुदतीत बसत नाही. ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्ताचे अधिक प्रमाण असलेले ज्वारीचे वाण २०१८ मध्ये प्रसारित झाले. असे वाण अनेक संशोधकांच्या अनेक वर्षांच्या श्रमांतून आकाराला येते. विद्यार्थ्याच्या वाट्याला अशा दीर्घ कामातील एक नेमका तुकडा यावा, हाच पहिला टप्पा मानला पाहिजे. विषयाचा आवाका ठरविताना झालेली चूक पुढील कोणत्याही अहवालाने भरून निघत नाही.

मानव्यविद्यांतील टप्पे :

भाषा-साहित्याच्या संशोधनाला हंगाम नसतो, हीच त्याची अडचण आहे. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांचे उदाहरण घेता येईल. हे अभंग नामदेवांच्या गाथेसोबत परंपरेने आले आहेत आणि जनीची नाममुद्रा असलेला प्रत्येक अभंग तिचाच का, हा मूलभूत प्रश्न आहे. या विषयावर काम करणाऱ्या संशोधकाचा खरा टप्पा ‘दुसरे प्रकरण पूर्ण’ हा असू शकत नाही. कोणती गाथा पायाभूत मानावयाची, कोणती हस्तलिखिते पाहावयाची, पाठभेद कसे नोंदवावयाचे आणि कर्तृत्व ठरविण्याचा निकष कोणता, हे त्याचे टप्पे होत. हा निकष पहिल्या वर्षी वीस-पंचवीस अभंगांवर लावून समितीपुढे ठेवला, तर त्यातील दोष वेळेवर दिसेल. तोच दोष पाचव्या वर्षी मौखिक परीक्षेत उघड झाला, तर संपूर्ण प्रबंधाचा पाया ढासळतो. साहित्याच्या संशोधनातील उभे पीक म्हणजे असे अपुरे, दुरुस्त होऊ शकणारे लेखन होय. समितीने पाहावयाचे ते हेच.

शोधनिबंधाच्या सक्तीने ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात छापील पानच टप्पा बनले. निकृष्ट नियतकालिकांचा सुळसुळाट रोखण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी करण्याचे पाऊल उचलले. २०२५ मध्ये ती यादीही बंद करण्यात आली. आता नियतकालिकाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली आहे. महाविद्यालयीन नियतकालिकांनीही या निमित्ताने आत्मपरीक्षण करणे अगत्याचे आहे; कारण परीक्षणाविना छापलेला निबंध हा प्रगतीचा पुरावा ठरत नाही, तो प्रगतीचा आभास निर्माण करतो.

निरीक्षण कोणाचे?

प्रचलित व्यवस्थेतील सर्वांत मोठी विसंगती अशी की निरीक्षण एकतर्फी आहे. २०१६च्या नियमावलीत मार्गदर्शक हाच सल्लागार समितीचा निमंत्रक ठरविण्यात आला. मार्गदर्शकाने प्रकरण वाचून किती दिवसांत परत दिले, भेटी किती झाल्या, आराखड्यातील दोष त्याने दाखविला होता काय, याची नोंद संशोधकाच्या अहवालात सहसा अपेक्षित नसते. प्रबंधाचे मूल्यमापन सहा महिन्यांत पूर्ण करण्याची पद्धत संस्थेने बसवावी, असे नियम सांगतो. परंतु विलंब झाल्यास संशोधकाची नोंदणी धोक्यात येते तसे संस्थेचे काहीच धोक्यात येत नाही. जिंतूर, पालम किंवा सोनपेठसारख्या तालुक्यातून येणाऱ्या, घराण्यात प्रथमच पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला ही विसंगती अधिक जाचते. मार्गदर्शकाविषयी तक्रार करण्याचे धैर्य त्याच्यापाशी नसते आणि अपयशाचे कारण तो स्वतःतच शोधतो. महिला संशोधकांना २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा आणि वाढीव मुदत देण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र वाढीव मुदत ही शेवटी मिळणारी सवलत आहे. खंडानंतर काम पुन्हा कोठून सुरू करावयाचे, हे सांगणारा टप्पा तिच्यात नाही.

काही सूचना :

१. टप्पे संशोधनाच्या प्रश्नावरून ठरवावेत आणि प्रत्येक विषयासाठी ते आराखड्यातच लिहून घ्यावेत.
२. पहिली कठोर तपासणी पहिल्या वर्षाच्या आत, नमुन्यादाखल केलेल्या प्रत्यक्ष कामावर व्हावी.
३. अहवालात मार्गदर्शकाच्या भेटी, वाचलेली प्रकरणे व दिलेल्या सूचना यांची नोंद असावी.
४. समितीत मार्गदर्शकाव्यतिरिक्त एका सदस्याने संशोधकाशी स्वतंत्रपणे बोलावे.
५. ‘असमाधानकारक’ या शेऱ्यासोबत नेमके काय, कोणी आणि केव्हापर्यंत करावयाचे हे लिहावे.

समारोप :

प्रगती-निरीक्षणाचा हेतू विद्यार्थ्याला गाळणे हा नसून त्याचे काम सावरणे हा आहे. त्यासाठी चूक दुरुस्त होऊ शकते त्या वेळी ती दिसली पाहिजे. परभणीच्या काळ्या जमिनीत प्रयोग करणाऱ्यांना हे तत्त्व पूर्वीपासून ठाऊक आहे. शेंगा भरण्यापूर्वी शेतात गेलेली समिती आणि प्रबंध बांधणीला जाण्यापूर्वी कच्चे प्रकरण वाचणारी समिती यांचे कार्य एकच आहे. ते पार पाडले गेले नाही तर नियमावली कितीही वेळा बदलली, तरी अहवालांची संख्या वाढेल आणि ज्ञानात भर पडणार नाही.